गाडीला शेपटी फुटते तेव्हा

१९७२ साली स्टुटगार्ट विद्यापीठाच्या वाऱ्याच्या बोगद्यात एक पोर्शे ९११ उभी होती. मोठ्या पंख्यासमोर गाडी बांधून ठेवायची, वारा सोडायचा आणि तो गाडीला कुठे ढकलतो, कुठे उचलतो हे मोजायचं, यासाठी हा बोगदा असतो. टिलमान ब्रोडबेक नावाचा तरुण इंजिनियर आणि त्याचे सहकारी तिच्या पाठीवर पत्र्याचे तुकडे आणि वेल्डिंगची तार जोडत होते. थोडी कड वाढवायची, वारा सोडायचा, काट्यावरचा आकडा बघायचा, पुन्हा थोडी वाढवायची. नवी सून आल्यावर जिऱ्या-मिठाचं प्रमाण ठरतं तसंच हे, चाखत चाखत.

अडचण जुनीच होती. ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. पाठ टपापासून बंपरपर्यंत घसरगुंडीसारखी उतरती. दिसायला सुरेख, पण वेग वाढला की गाडी मागून हलकी व्हायची आणि वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जायचा. सुरुवातीच्या काही ९११ गाड्यांच्या पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत कंपनीने चक्क अकरा-अकरा किलोची वजनं लपवली होती, तोल सांभाळायला. शर्यतीत मात्र वजन वाढवून कुणाचं भलं होत नाही. तिकडे फोर्डच्या कॅप्री आणि बीएमडब्ल्यूच्या कूपे पोर्शेला मागे टाकत होत्या, आणि कंपनीचे नवे प्रमुख एर्नस्ट फुरमान यांना ते बघवत नव्हतं.

ब्रोडबेकला आठवली ती त्याची विद्यार्थिदशेतली गाडी, फियाट ८५० कूपे. ही पण छोटी आणि मागे इंजिन असलेली. तिच्या पुढच्या आवृत्तीत फियाटने मागच्या गोल काठाला जराशी वर आलेली कड दिली होती, आणि इंजिनात फारसा फरक नसताना ती गाडी जास्त पळत होती. एका स्वस्त इटालियन गाडीच्या पार्श्वभागाने जगातल्या एका महागड्या स्पोर्ट्स कारची अडचण सोडवावी, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

या कडेने नेमकं काय होतं, ते समजायला वाऱ्याच्या बोगद्याची गरज नाही. स्वयंपाकघरातला नळ पुरतो. चमचा दांड्याच्या टोकाशी हलकेच धरायचा आणि त्याची फुगीर बाजू नळाच्या धारेला लावायची. पाणी चमच्याला दूर ढकलेल असं वाटतं. होतं उलटंच, धार चमच्याच्या गोलाईला बिलगून वळते आणि चमचा धारेत ओढला जातो. वारा गाडीच्या गोल पाठीवरून जाताना हेच करतो. तो पाठीला चिकटून खाली वळतो आणि वळताना पाठीला वर ओढतो. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत घरांचे पत्रे उडाले. त्यात आत शिरलेल्या वाऱ्याचा रेटा होताच, पण वरून वेगाने जाणारा वारा दाब कमी करून पत्रा उपसून काढतो, हेही तितकंच खरं. म्हणून तर पत्र्यावर दगड ठेवतात.

आता गाडीच्या पाठीच्या टोकाला एक उभी कड लावली, तर वाऱ्याला तिथून खाली वळता येत नाही. कडेपुढे हवा थोडी तुंबते, ओढ्याला घातलेल्या बांधापुढे पाणी तुंबावं तशी. तिथला दाब वाढतो आणि गाडीला वर ओढणारा जोर घटतो. शिवाय वारा पाठीपासून कुठे सुटायचा ते ठरून जातं. नाहीतर तो कधी इथून सुटतो, कधी तिथून, आणि मागे भोवरे सोडत जातो. वाऱ्याची ही सवय बिघडवते म्हणून इंग्रजीत तिचं नाव स्पॉयलर. आपल्याकडे सिनेमाचा शेवट फोडण्यालाही तोच शब्द वापरतात, आणि रस तोही बिघडवतोच.

इथे एक गल्लत नेहमी होते. डिकीवर दोन पायांवर उभी असलेली, खालून-वरून वारा जाणारी फळी हा स्पॉयलर नव्हे, ती विंग. उलट्या लावलेल्या विमानाच्या पंखासारखी ती काम करते आणि गाडीला खाली दाबते. स्पॉयलर गाडीच्या अंगालाच चिकटलेला असतो आणि त्याच्या खालून वारा जात नाही. गॅरेजात मात्र दोन्ही स्पॉयलरच. त्याला इलाज नाही.

स्टुटगार्टच्या खटाटोपातून जी आकृती निघाली ती इंजिनाच्या झाकणावरच बसवलेली, मागे उचललेली फायबरची शेपटी. जर्मनांनी तिला बदकाचं नाव दिलं, पक्ष्याच्या पार्श्वभागाला त्यांच्याकडे ‘ब्युर्त्सेल’ म्हणतात. ५ ऑगस्ट १९७२ रोजी पेटंटचा अर्ज गेला. आकडे बोलके होते. ताशी सुमारे २४५ किलोमीटर वेगाला मागचा भाग वर उचलणारा जोर १४५ किलोंच्या आसपास होता, तो शेपटीने साधारण ४२ किलोंवर आला. वर मिळालेली भेट म्हणजे कमाल वेगही साडेचार किलोमीटरने वाढला. वाऱ्यात आडवं काहीतरी उभं केलं आणि गाडी जास्त पळायला लागली, हे ऐकून अजूनही अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण मागचे भोवरे आवरले की गाडीला मागे खेचणारा जोर कमी होतो. फियाटने दिलेला इशारा खरा निघाला होता.

५ ऑक्टोबर १९७२ला पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात ९११ कॅरेरा आरएस २.७ लोकांसमोर आली. शर्यतीच्या नियमांसाठी ५०० गाड्या बनवणं भाग होतं, आणि असल्या शेपटीवाल्या पाचशे गाड्या घेणार कोण, अशी धास्ती कंपनीच्या विक्री खात्याला होती. नोव्हेंबर संपेपर्यंत पाचशेच्या पाचशे संपल्या. अखेर १,५८० बनल्या. सर्वांत हलकी आवृत्ती ९६० किलोंची, तिच्यात मागची सीट नाही, घड्याळ नाही, पुढचं धातूचं बोधचिन्ह काढून तिथे नुसतं स्टिकर. पुढच्या वर्षी याच घराण्यातल्या आरएसआरने डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि सिसिलीच्या डोंगररस्त्यांवरची तार्गा फ्लोरिओ, दोन्ही जिंकल्या.

पण शेपटीचा मान एकट्या पोर्शेचा नाही. अकरा वर्षं आधी, १९६१मध्ये, मोंझाच्या ट्रॅकवर फेरारीची नवी २४६ एसपी चाचणीला आली होती. इंजिन चालकाच्या मागे, शेपूट उंच, आणि वेगात गाडी मागून भरकटत होती. अमेरिकन चालक रिची गिंथर याने तिच्या मागच्या काठावर काही बोटं उंचीची ॲल्युमिनियमची पट्टी लावून बघायला सुचवलं. गाडी शांत झाली. प्रतिस्पर्ध्यांनी विचारलं तर सांगायला फेरारीवाल्यांनी एक थाप तयार ठेवली होती असं म्हणतात, पेट्रोल भरताना ते गरम एक्झॉस्टवर सांडू नये म्हणून ही पट्टी आहे, अशी. त्याच वर्षी या गाडीने तार्गा फ्लोरिओ जिंकली. नंतरच्या वर्षीच्या २५० जीटीओच्या पहिल्या काही गाड्यांवरही ती पट्टी वेगळी जोडलेली दिसते. पुढच्या गाड्यांत ती अंगातच विरघळली.

या गोष्टी ऐकून आपल्या छोट्या जुन्या गाडीलाही शेपटी लावावी असं कुणाला वाटलं तर नवल नाही. एमजी मिजेट असो, ट्रायंफ स्पिटफायर असो, पहिल्या पिढीची माझ्दा एमएक्स-५ असो, फायबरच्या शेपट्या तयार मिळतात, आणि नाही मिळाली तर साचा करून ओतून देणारे कारागीर मिळतात. प्रश्न एवढाच की तिने फरक किती पडणार.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. हे उलटं वाचलं की मौज येते. बदकाच्या शेपटीने २४५च्या वेगाला मागची उचल साधारण १०३ किलोंनी घटवली. तोच फायदा १०० किलोमीटरला सुमारे १७ किलो उरतो, म्हणजे मागच्या सीटवर एखादं लहान मूल बसवावं तितका. आणि पुणे-मुंबई द्रुतगती मार्गाच्या बोरघाटात, साठच्या वेगाला? सहा किलो. डिकीत तांदळाची एक पिशवी ठेवली तरी तेवढं होतं. आणि हा हिशेब बोगद्यात घासूनपुसून काढलेल्या शेपटीचा आहे. अंदाजाने बसवलेली शेपटी तेवढंही देईल याची खात्री कुणी देऊ नये.

उघड्या टपाच्या गाडीत आणखी एक गोची असते. टप खाली केलेला असताना वारा काचेच्या वरच्या काठावरून सुटतो, बसलेल्यांच्या डोक्यामागे गरगरतो आणि विस्कटलेल्या अवस्थेत डिकीपर्यंत पोचतो. अशा वाऱ्याला कड काय वळण लावणार? मिजेटच्या डिकीवरची शेपटी म्हणूनच बहुतेक वेळा दागिना असते. दागिना घालू नये असं कोण म्हणतं, पण तो दागिना आहे हे ठाऊक असावं.

मोठी शेपटी लावून पुढे काहीच न करणं याचा तर तोटाही होतो. शेपटी मागच्या चाकांच्याही मागे असते. तिथे दाब वाढला की मागची चाकं टेकू होतात आणि गाडीचं नाक वर उचलायला बघतं. बैलगाडीत मागे जास्त माल भरला की गाडी उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उठतं, तसंच. मग वेगात स्टिअरिंग हलकं लागतं आणि वळताना गाडी सरळच जाते. आरएसला मागे शेपटी देताना पोर्शेने पुढे बंपरखाली हनुवटीसारखा पट्टाही दिला होता, तो उगाच नाही. हल्ली नुसती मागची शेपटी विकत घेणारे शंभर भेटतात, हनुवटी विचारणारा क्वचित एखादा.

शोभा आणि उपयोग यांची ही ओढाताण एकाच गाडीत बघायची असेल तर अल्फा रोमिओ स्पायडर बघावी. १९६६मध्ये ती आली तेव्हा तिची शेपूट होडीसारखी गोल निमुळती होती. इटालियन लोक तिला माकूळ माशाच्या हाडाची उपमा देत. १९७०च्या सुमारास शेपूट सुरीने कापल्यासारखी सपाट झाली. त्यामागे वुनिबाल्ड काम या स्टुटगार्टच्याच जर्मन प्राध्यापकाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी कल्पना होती, की लांब निमुळती शेपूट मध्येच कापली तरी वाऱ्याला फारसा फरक पडत नाही आणि डिकी मात्र आटोपशीर होते. १९८३मध्ये त्या सपाट काठावर काळ्या रबराचा स्पॉयलर आला. नाजूक इटालियन बाईच्या साडीवर कुणी सायकलची ट्यूब शिवावी, असा तो दिसे, निदान जुन्या चाहत्यांना तरी. १९९०च्या शेवटच्या आवृत्तीत गाडीची रचना करणाऱ्या पिनिनफारिना कंपनीने रबर काढून मागचा भाग पुन्हा नितळ केला आणि १९९३मध्ये गाडी बंद झाली. सत्तावीस वर्षं, चार पाठी. आज रबरवाली स्पायडर घेणारे दोन तटांत विभागलेले असतात, काढा म्हणणारे आणि तीच तिची ओळख म्हणणारे.

उलट टोकाचं उदाहरण ऑडी टीटीचं. १९९८मध्ये ती आली ती अंड्यासारखी गुळगुळीत, मागे एकही कड नाही, आणि तिच्या त्या पाठीचं जगभर कौतुक झालं. मग १९९९मध्ये जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात टीटीचे गंभीर अपघात झाले. कंपनीने गाड्यांना मागाहून एक छोटा स्पॉयलर, सुधारलेलं सस्पेन्शन आणि गाडी घसरताना सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा देऊ केली. ऑटोबानवर दोनशेच्या पुढे जाणाऱ्याला ती बोटभर कड शोभेची वस्तू नव्हती. आता त्या पहिल्या टीटीही जुन्या गाड्यांच्या शौकिनांच्या यादीत आल्या आहेत, आणि कड नसलेली सुरुवातीची गाडी शोधणारे लोकही आहेत.

तर एवढं सगळं ऐकूनही ज्याला शेपटी लावायचीच आहे, त्याने आधी लोकरीचा एक गुंडा आणावा. वीतभर लांबीचे तुकडे कापून टपावर, मागच्या काचेवर, डिकीवर ओळीने टेपने चिकटवावेत आणि मोकळ्या रस्त्यावर साठ-सत्तरच्या वेगाने जावं. शेजारून दुसऱ्या गाडीतल्या मित्राने चित्रफीत घ्यावी. जिथे धागे पाठीला चिकटून सरळ मागे झोपतात तिथे वारा लगटून वाहतो आहे. जिथे ते उभे राहतात, गरगरतात, कधी तर पुढच्या बाजूला वळतात, तिथे तो सुटलेला आहे. त्या सुटलेल्या जागेत शेपटी लावून उपयोग नाही. विमानं तपासणारेही हीच युक्ती वापरत आले आहेत, आणि खर्च एका गुंड्याचा.

पुढचं काम डोळ्यांचं. शेपटी आधी नुसती मास्किंग टेपने लावून दहा पावलं मागे जावं आणि बसून बघावं, उभं राहून नव्हे, कारण मागच्या गाडीवाल्याला ती तशीच दिसते. डिकीच्या मध्यावर सुतळी ताणून मध्य काढावा. हाताने पत्रा ठोकून बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या दोन बाजू सारख्या नसतात. डावीकडून मोजलेला मध्य आणि उजवीकडून मोजलेला मध्य यांत दोन-तीन मिलीमीटरचा फरक निघाला तर मिस्त्रीला बोल लावू नये. अशा वेळी मोजपट्टी बाजूला ठेवून डोळ्याला सरळ दिसेल तशी बसवणारा जुना पेंटर लाखमोलाचा. आत बसून आरशातही बघून घ्यावं. काही उंच शेपट्या मागच्या मोटारसायकलवाल्याचं डोकं तेवढं दाखवतात, बाकीचा तो गायब.

भोक पाडण्याची वेळ आली की भल्याभल्यांचे हात थरथरतात. पन्नास वर्षं पाऊस झेललेल्या पत्र्याला ड्रिल लावायचं म्हणजे गंजाला दार उघडून देणं. म्हणून टेपचा तुकडा लावून त्यावर खूण करायची, म्हणजे ड्रिल सरकून रंगावर ओरखडा काढत नाही. आधी बारीक भोक, मग मोठं. डिकीच्या आतल्या बाजूला पट्ट्यांची चौकट असते, ती चुकवायची. भोकाच्या उघड्या कडेला जस्ताचा प्रायमर बोटाने का होईना पण लावायचाच, आणि बोल्टखाली रबराचा वॉशर. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत हे न केलेल्या भोकाभोवती एका पावसाळ्यात तपकिरी ओघळ दिसू लागतो आणि दोन पावसाळ्यांत रंग फुगतो.

फायबरची स्वतःची खोड वेगळी. बोल्ट लोखंडासारखा आवळला की फायबर आधी काही बोलत नाही, मग एकदम काडकन तडकतं आणि रंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखी रेघ उमटते. मोठा चपटा वॉशर घालून दाब पसरवायचा आणि पाना हलक्या हाताने फिरवायचा. काही जण भोकंच टाळतात आणि पुढची काच चिकटवतात त्या पीयू (पॉलियुरेथेन) गोंदाने शेपटी चिकटवतात. बरं बसतं, पण पुढे काढायची वेळ आली की रंगही सोबत येतो. शेवटची गोष्ट डिकीच्या वजनाची. जुन्या गाड्यांत डिकी एका बारीक दांडीवर टेकवून ठेवलेली असते. शेपटीचे दोन-तीन किलो वाढले की ती दांडी वाऱ्याच्या झुळकीने निसटू शकते, आणि त्या वेळी माणूस आत वाकलेला असतो.

कायद्याचा विचार पोर्शे-बीएमडब्ल्यूलाही चुकला नव्हता. १९७३च्या बीएमडब्ल्यू ३.० सीएसएलची भलीमोठी विंग जर्मन रस्त्यावर चालत नव्हती, म्हणून कंपनी ती सुटी करून डिकीत ठेवून देई, मालकाने काय करायचं ते करावं. पोर्शेने १९७४पासूनच्या मोठ्या शेपटीला मऊ रबरी काठ दिले, आणि १९८९च्या ९६४मध्ये तर शेपटी झाकणातच लपवली. ताशी ८० किलोमीटरला ती आपोआप वर यायची.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार नोंदणीतला तपशील आणि कंपनीचा मूळ नमुना यांना सोडून गाडीत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये हे ठासून सांगितलं. त्यात २०२१पासून पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आली. राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असलेली पाटी, वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. १९७४ची एखादी एमजी आता त्या वयात आली आहे. तिच्या डिकीला चार भोकं पाडायची की नाही, हा प्रश्न हौसेइतकाच कागदपत्रांचाही झाला आहे.

यावर ९११वाल्यांकडे एक सोयीची वाट आहे, कारण बदकाची शेपटी मुळातच झाकणासकट येते. मूळ झाकणाला ओरखडाही काढायचा नाही. बिजागरीचे बोल्ट खोलायचे, फायबरचं झाकण चढवायचं आणि जुनं झाकण एका मऊ चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवायचं. छोट्या रोडस्टरचा मालकही भंगारातून दुसरी डिकी मिळवून हेच करू शकतो. डिकी सापडायला वर्ष लागेल, रंग जुळवायला महिना. तोवर लोकरीचे धागे लावून फिरता येतंच, फक्त सिग्नलवर शेजारच्या रिक्षावाल्याला हे काय ते समजावून सांगावं लागतं.